जुन्या डिस्कच्या बांधावरची हरळी

आमचं घर गावभागात. सांगलीच्या माणसाला एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या खालच्या मजल्यात माणूस बुडेल एवढं पाणी होतं आणि सोप्यातल्या लाकडी कपाटात आजोबांपासूनचे सगळे अल्बम. पाणी उतरल्यावर आम्ही परत आलो तर अल्बमची पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झालेली, मग आई आणि मी बादलीत स्वच्छ पाणी घेऊन एकेक फोटो हळूहळू सोडवत बसायचो, आणि गच्चीत दोरीला चिमट्यानं लावून वाळवायचो, काहींवरचे चेहरे बोटाला लागून यायचे. जे वाचले ते सगळे मी स्कॅन केले, तीन हजार दोनशेच्या वर भरले.

तेव्हापासून हे फोटो म्हणजे माझ्या जीवाला लागलेली गोष्ट आहे. वरच्या खोलीत एक जुना पीसी आहे, त्यावर लिनक्स टाकून दोन डिस्कचा मिरर करून ठेवलाय, म्हणजे जे एका डिस्कवर लिहिलं जातं तेच दुसरीवर, एक गेली तरी दुसरी आहे. पण २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं आणि मी तो पीसी उचलून जिन्यात उभी होते तेव्हा डोक्यात पक्कं बसलं की दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतील तर तो बॅकअप नाही, एक कॉपी नदीपासून लांब पाहिजे. आत्या विट्याला असते, तिथं पावसाची वाट बघायची वेळ येते, पुराची नाही. तर तिसरी कॉपी विट्याला, असं ठरलं, फक्त डिस्क मिळायची होती.

ती दादानं दिली, दादा म्हणजे आत्याचा मुलगा. त्याच्या ओळखीतल्या एकांचं टॅक्सचं ऑफिस बंद झालं, त्यातली २ टीबीची हार्ड डिस्क त्याच्याकडं पडून होती. म्हणला, "घे की, फॉरमॅट मारून दिलीय त्यांनी, कोरी हाय." मी घरी आणून आधी स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या साधनानं तब्येत बघितली, ३१ हजार तास चाललेली, पण खराब होऊन बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे कप्पे, शून्य, संशयावरचे पेंडिंग पण शून्य. फोटो काय रोज लिहायचे नाहीयेत, कपाटात ठेवायचीय, चालतंय म्हणलं.

लॅपटॉपला यूएसबी डॉक, म्हणजे सुटी डिस्क बाहेरून जोडायचा स्टँड, लावून डिस्क जोडली, विंडोजच्या पद्धतीचं एक एनटीएफएस पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखलेला भाग, दिसत होतं, रिकामं. ते उडवलं, पार्टेड नावाच्या साधनानं नवीन जीपीटी टेबल, म्हणजे कुठला भाग कुठून कुठं याचा तक्ता, शून्य टक्के ते शंभर टक्के एकच पार्टिशन, त्यावर एक्स्ट४, लिनक्सची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत. पाच मिनिटांचं काम. दहा-बारा जीबी कॉपी करून बघितली, उघडून बघितली, सगळं बरोबर. मग डॉक उचलून वरच्या पीसीला लावला आणि माउंट करायला, म्हणजे वापरासाठी उघडायला, गेले तर सांगतंय ऑलरेडी माउंटेड ऑर बिझी. कुठं माउंटेड? कुठंच नाही. परत फॉरमॅट करायला गेले तर एमकेएफएस ही फॉरमॅट करणारी कमांड म्हणतंय हे डिव्हाइस सिस्टिमच्या वापरात आहे, इथं फाइल सिस्टिम बनवणार नाही.

मला वाटलं डॉकचं काहीतरी असणार. पोर्ट बदलला, पीसी बंद करून चालू केला, संध्याकाळी गणपती पेठेत जाऊन नवीन केबल आणली. तीच डिस्क लॅपटॉपला लावली की मुकाट्यानं चालतीय, पीसीला लावली की बिझी. अशी अख्खी संध्याकाळ गेली. रात्री जेवण झाल्यावर सहज मिरर ठीक आहे का बघावं म्हणून एमडीस्टॅट ही मिररची स्थिती दाखवणारी फाइल उघडली, तर तिथं माझा नेहमीचा मिरर एमडी० होता आणि त्याच्या वर मी कधीच न बनवलेला एमडी१२७, इनअॅक्टिव्ह, आणि त्यात पुढं नाव दादाच्या डिस्कचं, कंसात एस म्हणजे स्पेअर.

म्हणजे ही डिस्क कधीकाळी दुसऱ्या कुठल्या तरी मिररमध्ये होती आणि तिला अजून ते आठवत होतं. पीसीवर एमडीएडीएम हे मिरर सांभाळणारं साधन बसवलेलं आहे, ते प्रत्येक नवीन डिस्क जोडली की तिच्यावर रेडची (RAID, म्हणजे मिररसारखी डिस्क जोडून वापरायची पद्धत) खूण आहे का बघतं आणि दिसली की ताब्यात घेऊन जोडीदाराची वाट बघत बसतं. अख्खी डिस्क एकदा अशी धरली गेली की तिच्यातलं पार्टिशन दुसऱ्या कुणाला मिळत नाही. लॅपटॉपवर एमडीएडीएम नव्हतंच, म्हणून तिथं काही अडलं नाही. दादाला फोन लावला, तो म्हणला, "व्हय गं, २०११ च्या आसपास त्यांच्याकडं लिनक्सचा सर्व्हर होता, दोन डिस्कचा. मग तो काढून सगळं विंडोजवर नेलं." सर्व्हर काढला, विंडोज आलं, एनटीएफएस आलं, शेवटी फॉरमॅट मारला, नंतर मी परत जीपीटी आणि एक्स्ट४ केलं, आणि एवढं सगळं होऊन ती खूण जागची हललेली नव्हती. हे कसं काय झालं ते कळल्याशिवाय मला पुढं जायचंच नव्हतं, कारण न कळता फोटो ठेवले तर उद्या आणखी कुठल्या मशीनवर काय होईल याचा भरवसा नाही.

डिस्क परत लॅपटॉपला घेतली. हे मुद्दाम, कारण वरच्या पीसीत फोटोंच्या दोन्ही डिस्क चालू असतात आणि पुसण्याचं काम करताना एका अक्षराची चूक झाली तर ज्याच्यासाठी हे चाललंय तेच जाईल. वाइपएफएस नावाची कमांड आहे, नावावरून वाटतं की चालवली की सगळं पुसणार, पण नुसती डिस्कचं नाव देऊन चालवली तर ती काही पुसत नाही, कुठल्या जागेवर कुठली खूण आहे ते फक्त दाखवते. डिस्क एसडीबी होती, चार ओळी आल्या. एक संरक्षक एमबीआरची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तक्त्याची, पहिल्याच सेक्टरमध्ये, दोन जीपीटीच्या, एक सुरुवातीला आणि एक अगदी शेवटी, आणि चौथी लिनक्स रेड मेंबर, तिची जागा हेक्समधल्या, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेल्या, लांबलचक आकड्यात.

तो आकडा मी कागदावर सोडवला आणि मग जे दिसलं ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. २ टीबीच्या डिस्कमध्ये ५१२ बाइटचे ३९०७०२९१६८ सेक्टर असतात. माझं पार्टिशन २०४८ नंबरला सुरू होऊन ३९०७०२८९९१ ला संपत होतं. आणि रेडची जुनी खूण होती ३९०७०२८९९२ वर. म्हणजे पार्टिशन जिथं संपतं त्याच्या बरोब्बर पुढच्या सेक्टरवर, मधे एक सेक्टरचं पण अंतर नाही!

याचं कारण असं आहे. एमडीएडीएमचा जो जुना मेटाडेटा, म्हणजे मिररबद्दलची नोंद ठेवायचा, फॉरमॅट आहे, ०.९०, तो आपली ४ केबीची माहिती डिस्कच्या सुरुवातीला ठेवत नाही, शेवटी ठेवतो, डिस्कचा आकार ६४ केबीच्या पटीत खाली आणायचा आणि त्यातून आणखी ६४ केबी मागं यायचं, तिथं. आताची पार्टिशनची साधनं पार्टिशन १ एमबीच्या पटीत सुरू करतात आणि संपवतात, नवीन डिस्कचा वेग नीट मिळावा म्हणून. आणि जीपीटी आपली दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या ३३ सेक्टरमध्ये ठेवते. आता या तीन गणितांमध्ये पार्टिशनचा शेवट आणि जीपीटीची मागची प्रत यांच्यात १४३ सेक्टरची पट्टी उरते, ७१ केबीच्या आसपास, जी कुणाचीच नाही. एक्स्ट४ बनवताना एमकेएफएस आपल्या जागेचा शेवट शून्य करतं, खास असल्या जुन्या रेडच्या खुणा जाव्यात म्हणूनच, पण आपल्या जागेचा, त्याच्या पलीकडं ते पाऊल टाकत नाही. विंडोजनं पण तेच १ एमबीचं गणित धरलेलं असणार. शेतात नांगर बांधापर्यंत जातो, बांधावर जात नाही, आणि रान कितीदा नांगरलं तरी बांधावरची हरळी तशीच हिरवी राहते. माझ्या डिस्कवर अगदी तसंच झालं होतं, नांगर तीनदा फिरला होता.

नुसतं समजून मन भरेना म्हणून तो सेक्टर डीडीनं, म्हणजे डिस्क जशीच्या तशी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या कमांडनं, वाचून हेक्समध्ये बघितला. पहिले चार बाइट एफसी, ४ई, २बी, ए९. उलटे वाचले की ए९२बी४ईएफसी, एमडीची ओळखखूण. त्याच्यापुढं आवृत्ती ० आणि ९०, आणि खाली मिररचा ओळख नंबर, तयार केल्याची वेळ. कुणीतरी त्या ऑफिसात बसून दोन डिस्क जोडल्या होत्या तो क्षण तिथं नोंदलेला, तीन फॉरमॅट उलटून गेले तरी.

यातून मला कळलं की "डिस्कच्या पहिल्या १०-२० एमबीवर शून्य लिहा, झालं कोरं" हा जो सल्ला सगळीकडं मिळतो तो अर्धाच आहे. प्रत्येक फाइल सिस्टिमची खूण ठेवायची जागा वेगळी. एक्स्ट४ चा सुपरब्लॉक, म्हणजे तिची मुख्य नोंद, १०२४ व्या बाइटला, बीटीआरएफएसचा ६४ केबीला आणि त्याच्या प्रती ६४ एमबीला आणि २५६ जीबीला, झेडएफएसची २५६ केबीची चार लेबलं, दोन पुढं दोन मागं, एनटीएफएसच्या बूट सेक्टरची दुसरी प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरला, एक्सफॅटची प्रत बाराव्या सेक्टरपासून. सुरुवात पुसली तरी मागची जीपीटी जिवंत असते आणि पार्टिशनचं साधन आनंदानं विचारतं की मागच्या प्रतीवरून टेबल परत उभं करू का. या प्रती मुद्दाम ठेवलेल्या असतात, पुढचा भाग खराब झाला तर मागून वाचता यावं म्हणून, आणि चांगल्यासाठीच आहेत, मला स्वतःला पुढं कधीतरी त्यांचाच आधार लागेल. पण डिस्कचा मालक बदलतो तेव्हा त्याच प्रती आडव्या येतात.

आता पुसणं. एमडीएडीएम पीसीवरच होतं म्हणून तेवढ्यापुरतं आधी पीसीवर नेऊन एमडी१२७ थांबवला, कारण चालू असलेली गोष्ट जबरदस्तीनं पुसायची सोय वाइपएफएसमध्ये आहे पण ती वापरायची नाही असं मी ठरवलं होतं, बिझी म्हणतंय तर का म्हणतंय ते शोधायचं. थांबवला, एमडीएडीएमलाच झिरो सुपरब्लॉक सांगितलं, त्याची खूण त्यानंच पुसली. मग डिस्क परत लॅपटॉपला. इथं एक क्रम आहे आणि तो चुकला की घोळ होतो, आधी आतलं पार्टिशन पुसायचं आणि मग बाहेरची अख्खी डिस्क. अख्ख्या डिस्कवर वाइपएफएस चालवलं की ते पार्टिशन टेबलाच्या खुणा काढतं पण पार्टिशनच्या आत शिरत नाही, त्यामुळं आतली फाइल सिस्टिम जशीच्या तशी राहते, आणि उद्या नवीन टेबल केलं, पार्टिशन त्याच २०४८ ला सुरू केलं की जुनी फाइल सिस्टिम परत उभी. एफडिस्क हे पार्टिशनचं साधन अशा वेळी विचारतं सुद्धा, या पार्टिशनवर अमुकची खूण आहे, काढू का, आणि लोक न वाचताच उत्तर देऊन पुढं जातात. तर आधी एसडीबी१, मग एसडीबी, दोन्हीला मायनस ए, म्हणजे सगळ्या खुणा पुसा, आणि बॅकअपचा ऑप्शन लावून, म्हणजे जे बाइट पुसले ते आपल्या होममध्ये फाइलमध्ये राहतात. चुकीची डिस्क निघाली तर परत आणता येतं. परत नुसतं वाइपएफएस चालवलं, एक पण ओळ आली नाही.

इथं थांबले असते तर माझं काम झालं होतं. पण वाइपएफएसनं पुसलेले बाइट मोजले तर पन्नास सुद्धा भरत नाहीत, २ टीबीतले. बाकीचं जे होतं ते कुठं गेलं? हा प्रश्न डोक्यात आला आणि मी फोटोरेक चालवलं. हे साधन फाइल सिस्टिमकडं बघतच नाही, सरळ सेक्टर वाचत जातं आणि जिथं जेपीजीची किंवा पीडीएफची सुरुवात दिसते तिथून फाइल उचलतं. पुरानंतर माझ्या कॅमेऱ्याच्या कार्डातून याच्याच जोरावर काही फोटो मिळाले होते, म्हणून ओळखीचं. दहा मिनिटांत शेकडो फाइली. पहिली जी पीडीएफ उघडली ती एका बाईंच्या पॅन कार्डाची, फोटो, सही, जन्मतारीख सगळं स्पष्ट. दुसरी कुणाचं तरी बँकेचं स्टेटमेंट. तिसरी उघडलीच नाही. फोटोरेक बंद केलं, निघालेल्या सगळ्या फाइली काढून टाकल्या आणि जरा वेळ तशीच बसून राहिले.

या माणसांनी विश्वासानं आपले कागद कुणाच्या तरी टेबलावर ठेवले होते. त्यातले काही इथलेच असणार, मारुती रोडला समोरून येत असतील. आणि त्यांचे कागद माझ्या घरात, त्यांना माहीत नसताना, "कोरी हाय" म्हणून आलेल्या डिस्कवर. दादाला परत फोन केला, सांगितलं काय निघालं. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणला, "त्यांची अजून एक डिस्क हाय माझ्याकडं. ती पण घेऊन येतो, तूच कर."

त्या ऑफिसनं क्विक फॉरमॅट केला होता, दुसरं काही असू शकत नाही. क्विक फॉरमॅट फक्त नवीन कोरी अनुक्रमणिका लिहितो, पुस्तकाची पानं तशीच. विंडोज व्हिस्टापासून पुढं क्विकची टिक काढून पूर्ण फॉरमॅट केला तर त्या व्हॉल्यूमवर सगळीकडं शून्य लिहिलं जातं, आणि विंडोजच्याच डिस्कपार्ट या साधनात क्लीन ऑल आहे ते डिस्कचा प्रत्येक सेक्टर शून्य करतं. हे कुणालाही जमण्यासारखं आहे, फक्त तासांचं काम आहे आणि ऑफिस बंद करताना तेवढा धीर राहत नाही.

मी डीडीनं अख्ख्या डिस्कवर शून्य लिहायचं ठरवलं, एकदाच. ३५ वेळा पुसावं लागतं असं बरेच जण सांगतात, ते १९९६ च्या एका शोधनिबंधातून आलंय आणि तेव्हाच्या डिस्कसाठी होतं. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची मार्गदर्शिका आहे, ८००-८८ नंबरची, तिच्या २०१४ च्या आवृत्तीत चुंबकीय डिस्कसाठी एकदा शून्य लिहिणं साधारणपणे पुरेसं धरलंय. एसएसडीची गोष्ट वेगळी, तिथं आपण लिहितो ते त्याच जागी पडतं असं नाही, आतला कंट्रोलर जागा फिरवत असतो, त्यामुळं तिथं डीडीवर भरवसा न ठेवता डिस्कचाच स्वतःचा सिक्युअर इरेज वापरायचा. माझी डिस्क फिरणारी होती, म्हणून डीडी.

कमांड लिहिण्याआधी डिस्कच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर कागदावर उतरवला आणि एसडीबी असं न लिहिता लिनक्सच्या बाय-आयडी यादीतलं नाव घेतलं, त्यात कंपनी आणि सिरियल दोन्ही असतात. एकेक अक्षर बोट ठेवून जुळवलं. रात्री पावणेदहाला सुरू केलं, सुरुवातीला सेकंदाला १६० एमबीचा वेग. डिस्क बाहेरच्या कडेनं आत भरत जाते, कडेला एका फेरीत जास्त मावतं, त्यामुळं आत जाईल तसा वेग कमी होतो, शेवटी निम्म्यावर येतो, हे माहीत असलं म्हणजे मधेच डिस्क मरतीय की काय अशी भीती वाटत नाही.

साडेबाराच्या सुमारास पंखा थांबला म्हणून जाग आली. लाईट गेलेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता पण डॉकला वेगळा अडॅप्टर, तो बंद, डीडी एरर देऊन थांबलेलं, शेवटचा आकडा १४०१ जीबी. लाईट आल्यावर डॉक चालू केला तर तीच डिस्क एसडीसी नावानं आली. मी जर एसडीबी लिहून तीच कमांड परत मारली असती तर काय झालं असतं हे नंतर करून बघितलं, त्या नावाचं डिव्हाइस राहिलेलंच नसतं, म्हणून लिनक्स तिथं एसडीबी नावाची साधी फाइल बनवतं आणि शून्यं त्यात, म्हणजे लॅपटॉपच्या रॅममध्ये, भरत सुटतं. आणि पेनड्राइव्ह वगैरे मधे लावला असता तर ते नाव त्याला मिळालं असतं, आणि तो पुसला गेला असता. बाय-आयडीचं नाव मात्र तेच राहिलं.

पहिल्यापासून परत करायची गरज नव्हती, डीडीला सीक दिला की तेवढं सोडून पुढून लिहितं. पण १४०१ जीबी हा आकडा डीडीनं कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हवाली केलेला, डिस्कवर खरंच पोचलेला नव्हे, मधे बराच माल रॅममध्ये थांबलेला असू शकतो. म्हणून १ एमबीचे १३३०००० ब्लॉक सोडले, म्हणजे सहा जीबीच्या वर मागं आले, तेवढा भाग दोनदा लिहिला गेला तर काही बिघडत नाही. पहाटे अडीचनंतर संपलं. शेवटी डीडी जागा संपली असं सांगून थांबतं, ते एररसारखं दिसतं पण आपल्याला तेच पाहिजे असतं.

मग तपासणी. मी दोन दिवसांपूर्वी "फॉरमॅट मारलाय" या शब्दावर विश्वास ठेवला होता, तो परत ठेवायचा नव्हता, स्वतःच्या डीडीवर सुद्धा नाही. सीएमपी कमांडला एका बाजूला डिस्क आणि दुसऱ्या बाजूला देव्ह झिरो, म्हणजे न संपणारी शून्यं, दिलं, ते बाइट बाय बाइट जुळवत जातं आणि जिथं पहिला फरक सापडतो तिथं थांबून सांगतं. फरकच नसेल तर डिस्क संपेपर्यंत जातं. सकाळी लावून कामाला गेले. दुपारी आईला फोन करून म्हणलं स्क्रीनवर काय आलंय ते वाच, तिनं चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं, ईओएफ, म्हणजे डिस्क संपली, मग आकडा, दोन शून्य शून्य शून्य तीन नऊ आठ नऊ तीन चार शून्य एक सहा, आणि शेवटी इन लाइन एक. २०००३९८९३४०१६ बाइट, ३९०७०२९१६८ गुणिले ५१२ बरोबर तेवढेच, आणि अख्ख्या डिस्कमध्ये ओळ बदलण्याचं एक सुद्धा चिन्ह नाही. पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत शून्य. आई म्हणली, "बरोबर आहे न्हवं?" मला फोनवर बोलताच येईना.

पुढचं पटपट झालं. नवीन जीपीटी, एक पार्टिशन, एक्स्ट४, रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य वापरकर्त्यासाठी, पाच टक्के जागा राखून ठेवतात ती शून्य केली कारण नुसत्या फोटोंच्या डिस्कवर शंभर जीबी अडकवून काय करायचं. पीसीला जोडली, एमडीस्टॅटमध्ये फक्त माझा एमडी०, माउंट पहिल्या फटक्यात. आरसिंक या कॉपीच्या साधनानं फोटो घातले, प्रत्येक फाइलची चेकसम, म्हणजे तिच्या बाइटवरून निघणारा पडताळ्याचा आकडा, दोन्हीकडं काढून जुळवली. दादाची दुसरी डिस्क पण याच पद्धतीनं पुसून त्याला परत दिली, आणि सीएमपीनं दिलेली ती ओळ कागदावर लिहून डिस्कला चिकटवली, त्या ऑफिसवाल्यांना दाखव म्हणलं.

रविवारी तासगाव ओलांडून विट्याला गेलो. आत्याला डिस्क कशी ठेवायची ते सांगत होते, ओल लागू द्यायची नाही, वर्षातून एकदा मी येऊन लावून बघणार, तर ती म्हणली, "ते ऱ्हाऊ दे, माझ्या लग्नातला आण्णांचा फोटो हाय का त्यात?" लॅपटॉप तिथंच स्वयंपाकघरात उघडला. आण्णा म्हणजे माझे आजोबा. फोटोच्या खालच्या भागात पाण्याची तपकिरी रेघ आहे, आण्णांच्या धोतराच्या काठाशी येऊन थांबलेली, वरचा चेहरा स्वच्छ. आत्यानं पदरानं हात पुसले आणि बोट स्क्रीनला न लावता त्या रेघेवरून फिरवलं. मग डिस्क माझ्या हातातून घेतली, जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळली आणि कपाटात वरच्या कप्प्यात, घराच्या कागदांच्या पिशवीशेजारी ठेवली.